तव्यावरचे आणि कढईतले

रविवारी सकाळी खायला काय करणार, असे आदल्या रात्री कोणी विचारले की आई उलट विचारी, "माणसं किती?" तिच्या लेखी जगातल्या सगळ्या न्याहारीचे दोनच प्रकार होते, एक तव्यावरचे आणि दुसरे कढईतले. चार माणसांपर्यंत तव्यावरचे, म्हणजे थालीपीठ, धिरडे, घावन किंवा आंबोळी, आणि पाचवे माणूस येणार असले की कढईतले, म्हणजे पोहे, सांजा, उकड किंवा फोडणीची पोळी. साताऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात रविवारी सकाळी चारच माणसे असल्याचे मला आठवत नाही. अण्णा आणि त्यांचे मित्र पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला जात, आणि किल्ला उतरून आमच्या ओसरीवर चपला काढणारी माणसे दोन असतील की सहा, ते बहुधा त्या दिवशीच्या धुक्यावर ठरत असे. तरीही आम्ही भावंडे थालीपिठाचाच हट्ट धरीत असू, आणि पुष्कळदा तो पुरवलाही जाई.

या हट्टाचा हिशोब मी फार उशिरा मांडला. थालीपिठाला झाकणाखाली तीन मिनिटे आणि उलटल्यावर दोन, अशी पाच मिनिटे लागतात. घरची आणि बाहेरची मिळून सात माणसे धरली आणि प्रत्येकी दोन थालीपिठे धरली, तर चौदा थालीपिठांना सत्तर मिनिटे होतात. म्हणजे पहिला खाणारा हात धुऊन वर्तमानपत्र उघडतो, तेव्हा शेवटच्याचे पीठ अजून थापलेलेही नसते. आणि हे सत्तर मिनिटांचे गणित केवळ तव्याचे आहे, कारण त्याआधीचे मळणे आणि त्याच्याही आधीची भाजणी यांत धरलेली नाही.

भाजणीविषयी थोडे सविस्तरच लिहायला हवे. थालीपिठाला लोक ज्या सहजपणे साधा पदार्थ म्हणतात, तो सहजपणा दीड-दोन महिने आधी कोणीतरी एका डब्यात भरून ठेवलेला असतो. आईचे प्रमाण चार वाट्या ज्वारी, दोन वाट्या बाजरी, दोन वाट्या तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ आणि गहू प्रत्येकी एक वाटी, अर्धी वाटी धने आणि त्याच्या निम्मे जिरे असे होते. यातले प्रत्येक धान्य वेगळे भाजायचे असते, कारण तांदूळ फुलून पांढरा होईपर्यंत उडदाच्या डाळीचा कोळसा झालेला असतो, आणि धन्यांना तर नुसती गरम कढईही पुरते. भाजलेले सगळे जुन्या धोतरावर पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय डबा झाकायचा नाही, नाहीतर आत वाफ धरते आणि पंधरा दिवसांत पिठाला वास येतो. मग तो डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून गिरणीवर न्यायचा, "गव्हावर टाका आणि जरा रवाळ ठेवा" हा निरोप गिरणीच्या आवाजावर ओरडून सांगायचा, आणि परत येताना पाठीला लागणारी डब्याची ऊब सोसत चढ चढायचा, एवढे काम माझ्याकडे होते. त्या उबेतून येणारा वास मला अजून नेमका सांगता येत नाही. तो भाकरीचा नव्हता आणि बेसनाच्या लाडवाचाही नव्हता, पण दोघांच्याही जवळपासचा होता.

आई थालीपीठ कापडावर न थापता थेट तव्यावर थापत असे. लोखंडी तव्याला तेलाचे बोट फिरवायचे, कांदा, कोथिंबीर, तीळ, तिखट आणि हळद घालून मळलेला गोळा मधोमध ठेवायचा आणि पाण्यात बुडवलेल्या बोटांनी तो कडेपर्यंत सरकवत न्यायचा, मग मधे एक आणि भोवती चार अशी पाच भोके पाडून प्रत्येकात थेंबथेंब तेल सोडायचे आणि झाकण ठेवायचे. आतून येणारा चुर्रर्र आवाज हळूहळू मंदावतो, आणि तो मंदावला की कड सुटली असे समजायचे. पण थेट तव्यावर थापायचे तर तवा गार हवा, आणि पहिले थालीपीठ उतरले की तवा तर तापलेला असतो. यासाठी आईने दोन तवे ठेवले होते. एकावर थालीपीठ होत असताना दुसरा ती नळाखाली उलटा धरी, तेव्हा मोरीतून वाफेचा मोठा लोट उठे आणि ती डावा हात तोंडावर घेई. बिडाचा तवा असा पाण्याखाली धरला तर तडकतो, म्हणून माहेरून आलेला बिडाचा जड तवा तिने फक्त घावनांसाठी राखला होता.

रविवारच्या या सगळ्या खटाटोपात ती शेवटचे थालीपीठ घेऊन बाहेर येई तेव्हा अण्णांचे मित्र उठण्याच्या बेतात असत. कोणीतरी म्हणे, "वहिनी, तुम्ही गरम खाल्लंच नाहीत," आणि ती म्हणे, "मला गारच आवडतं. गार झालं की चव कळते." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले होते की कोणाला लोणचे आवडते आणि कोणाला दही, तसे आईला गार थालीपीठ आवडते, अशी माझी साधी समजूत झाली होती.

कढईतल्याची गोष्ट वेगळी होती. पोहे हा मुळात शिजून घरात आलेला पदार्थ आहे. साळ भिजवायची, भाजायची आणि गरम असतानाच चेपायची, की कोंडा सुटतो आणि आतला दाणा चपटा होतो. पेण आणि रोह्याच्या बाजूला हे काम आता गिरण्यांतून होते, पूर्वी उखळात होत असे. घरच्या बाईने करायचे ते फक्त त्याला पाणी दाखवण्याचे, आणि ते किती दाखवायचे यातच सगळी विद्या आहे. आई जाडे पोहे चाळणीत घेऊन दोनदा नळाखाली धरी आणि दहा मिनिटे झाकून ठेवी. मग एक पोहा दोन बोटांत चेपून बघायचा, तो तुटला पाहिजे पण त्याचा लगदा होता कामा नये. मीठ, चिमूटभर साखर आणि हळद त्या ओल्या पोह्यांनाच लावून ठेवायची, म्हणजे फोडणीत ढवळाढवळ कमी होते आणि पोहा अखंड राहतो. मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरच्या, शेंगदाणे आणि भरपूर कांदा, मग पोहे आणि झाकणाखाली एक दणदणीत वाफ, एवढ्यात काम संपते. पोह्यांत बटाटा घालावा की नाही यावर आमच्या घरात अजूनही दोन तट आहेत. माझ्या मते कांदा महागला म्हणून बटाटा शिरला आणि पुढे घरजावयासारखा कायमचा राहिला, पण हे मत मी पत्नीसमोर मांडत नाही.

पोहे झाले की आई कढई उचलून बाहेर आणी, कापडाच्या चुंबळीवर मधोमध ठेवी, खोबरे-कोथिंबीर वरून पसरी, आणि स्वतः मांडी घालून बसे. मला हे बसणे विशेष आठवते. गुहागरजवळच्या तिच्या गावाच्या, तरीतून शाळेत जाण्याच्या, बाबल्या नावाच्या एका हट्टी बैलाच्या आणि लग्नाआधी पाहायला आलेल्या एका उमेदवाराने पोह्यांत खडा लागल्यावर तो सभ्यपणे गिळल्याच्या अशा ज्या काही गोष्टी मला ठाऊक आहेत, त्या झाडून सगळ्या पोह्यांच्या रविवारी ऐकलेल्या आहेत. थालीपिठाच्या रविवारी तिचा आवाज स्वयंपाकघरातून येई, आणि त्याचे शब्द ठरलेले असत, "अजून कोणाला?"

पोह्यांचा दुसरा गुण म्हणजे ते वाढतात. कांदा परतत असताना दाराशी चपलांचा आवाज आला तर अजून दोन मुठी पोहे पाण्याखाली धरता येतात, आणि फार तर कांदा जरा विरळ लागतो. एक किलो पोह्यांत पंधरा माणसे सहज उठतात. तव्यावरच्या पदार्थात आलेला पाहुणा वजाबाकी करतो, कारण तो बसला की कोणाचे तरी दुसरे थालीपीठ जाते, आणि ते कोणाचे जाते हे वेगळे सांगायला नको.

सांज्याविषयी आणि उपम्याविषयी माझे मन फारसे स्वच्छ नाही, त्यामुळे थोडक्यात आटोपतो. उपम्याच्या नावातच दक्षिणेकडचे उप्पु, म्हणजे मीठ, आहे आणि माझ्या वाट्याला आलेल्या बहुतेक उपम्यांत नेमके तेवढेच होते. फोडणीची पोळी मात्र उपेक्षून चालणार नाही. काही घरांत तिला माणिकपैंजण असे भारदस्त नाव आहे, पण नावाने फसून कोणी ती पाहुण्यांपुढे ठेवत नाही, कारण रात्रीच्या उरलेल्या पोळ्या कुस्करून केलेला पदार्थ बाहेरच्याला देणे म्हणजे आपली उरलेली बाजू दाखवणे होय. अण्णांच्या मित्रांत एकच असा होता की ज्याला आई निःसंकोचपणे फोडणीची पोळी वाढत असे. तो गृहस्थ आमचा कोणी नातेवाईक नव्हता, पण आमच्या घरातले त्याचे स्थान ठरवायला आणखी कोणत्या पुराव्याची गरज नव्हती.

मी नोकरीसाठी पुण्यात एका खोलीत दोघा मित्रांबरोबर राहू लागलो, तेव्हा पहिल्याच रविवारी मोठ्या आत्मविश्वासाने पोहे करायला घेतले. आईला हजार वेळा पाहिलेले होते, आणि पाहिलेले येत असते असा तेव्हा समज होता. खोलीत चाळणी नव्हती, म्हणून मी पोहे पातेल्यात पाणी भरून तांदळासारखे ठेवून दिले आणि कांदा चिरायला बसलो. कांदा चिरायला मला पंचवीस मिनिटे लागली. पातेल्यात पाहिले तर पोह्यांचा एकजीव गोळा झाला होता, आणि खाली घरमालकांचा मुलगा आमच्याकडे पोहे खायला बोलावलेला म्हणून जिना चढत होता. दोघांपैकी एका मित्राने, जो परळीचा होता, तो गोळा शांतपणे ताटात घेतला, त्यात कांदा, मिरची आणि बेसन कालवले, आणि तव्यावर थापून वडे भाजले. कढईतल्याचे तव्यावरचे झाले. ते वडे बरे लागले होते, असे तो घरमालकांचा मुलगा अजून म्हणतो, आणि मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

त्या परळीच्या मित्रानेच आम्हाला सुशीला दाखवला. तो नुसता "उद्या सुशीला करतो" म्हणाला तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो होतो. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच दोन्ही हातांनी पिळायचे आणि पोह्यांसारखे फोडणीला टाकून वरून डाळ्याचे कूट भुरभुरायचे, एवढाच तो पदार्थ आहे. मराठवाड्यात तो सकाळी घरोघर होतो आणि सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात त्याला सुसला म्हणतात. पुढे लग्न झाले ते अंबाजोगाईच्या मुलीशी, आणि पाहण्याच्या कार्यक्रमात कांदेपोह्यांऐवजी तिने सुशीला पुढे केला, तेव्हा मी त्याचे नाव बरोबर घेतले. माझ्या बाजूने दिलेला तेवढाच एक अनुकूल मुद्दा होता, असे तिचे म्हणणे आहे.

आईची विभागणी मी बरीच वर्षे सिद्धांतासारखी मिरवीत होतो. करणाऱ्याला बसू देतो तो कढईतला पदार्थ आणि उभे ठेवतो तो तव्यावरचा, असे मी मित्रांच्या बैठकीत सांगत असे आणि लोक माना डोलावत. एके दिवशी हे सांगत असतानाच मला आमच्या आजीची, म्हणजे अण्णांच्या आईची चूल आठवली आणि माझे बोलणे मधेच अडखळले.

आजी माण तालुक्यात राहत असे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही काही महिने तिच्याकडे होतो, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. रेशनवर मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळत होती. ती अमेरिकेहून आलेली आहे हे मला मोठेपणी कळले, तेव्हा फक्त तिची भाकरी तुकडे पडणारी आणि बेचव असते एवढे कळत होते. आजीने त्यावर उपाय काढला होता. मिलोच्या पिठात कांदा, तिखट आणि असेल तर एखादी मूठ डाळीचे पीठ घालून ती धपाटी करी. ती तव्यावरचीच होती, एकेक होणारी होती, आणि खाणारी माणसे आठ-नऊ होती. पण आजी उभी नव्हती. ती चुलीपुढे पाटावर बसलेली असे आणि आम्ही सगळे चुलीला धरून अर्धगोलात बसलेले असू. तव्यावरून उतरलेले धपाटे ती जागच्या जागी हाताने तोडी, तुकडे हातोहात फिरत, आणि करपलेली कड स्वतःच्या तोंडात टाकून ती पुढचे थापायला घेई. तिचे बोलणे, आमचे भांडण, चुलीतले लाकूड मागे सारणे आणि खाणे हे सगळे एकाच उंचीवर चालत असे. पहिला कोणी उठत नसे आणि शेवटचा कोणी राहत नसे, कारण कोणाचे पूर्ण एक असे धपाटे नव्हतेच.

म्हणजे दोष तव्याचा नव्हता. आमच्या साताऱ्याच्या घरात गॅस आला, त्याबरोबर कमरेएवढा कडाप्पाचा ओटा आला, आणि तो भिंतीला लावून बांधला गेला. धूर गेला, डोळ्यांची आग गेली, राखेने भांडी घासणे गेले, आणि वाकून वाकून दुखणारी कंबर थोडी सुटली. यांतली एकही गोष्ट परत यावी असे म्हणण्याचा अधिकार चुलीपुढे कधी न बसलेल्या माणसाला नाही. मात्र ओटा भिंतीला लागल्यामुळे करणाऱ्याचे तोंड भिंतीकडे आणि पाठ खाणाऱ्यांकडे झाली, आणि ही गोष्ट घर बांधणाऱ्या एकाही गवंड्याला किंवा घरमालकाला, यात अण्णाही आले, सुचली नाही. आईने तव्यावरचे आणि कढईतले अशी जी विभागणी केली होती, ती तिच्या पाककलेतून आलेली नव्हती, ती त्या ओट्याने घालून दिलेली होती.

कढई आणि तवा या दोघांनाही बाजूला ठेवणारा एक प्रकार आईच्या माहेरून आलेला होता, तो म्हणजे दडपे पोहे. पातळ पोहे, भरपूर ओले खोबरे, बारीक चिरलेला कांदा, काकडी आणि नारळाचे पाणी शिंपडून सगळे एकत्र कालवायचे आणि वर ताटली व वजन ठेवून अर्धा तास दडपायचे. चुलीचा संबंध फक्त वरून घालायच्या चमचाभर फोडणीपुरता येतो. त्या अर्ध्या तासात करणारी मोकळी असते, आणि आईने तो वेळ बहुतेक भाजी निवडण्यात घालवला, हा भाग वेगळा.

मी बँकेत असताना दोन वर्षे गोव्यात फोंड्याला होतो. तिथली पहिली नरकचतुर्दशी मी विसरणार नाही, कारण त्या सकाळी मला पाच घरी खावे लागले. आपल्याकडे दिवाळीची सकाळ चकली-चिवड्याची, तिथे ती फोवांची म्हणजे पोह्यांची. नवे भात आलेले असते आणि नव्या भाताचे पोहे पहिल्यांदा खायचे ते याच दिवशी. पहाटे नरकासुर जाळून झाला, अभ्यंग झाले, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडून झाले की घरात बसायचे, आणि मग केळीच्या पानावर दुधातले, ताकातले, नारळाच्या गोड रसातले, गूळखोबऱ्यात कालवलेले आणि फोडणीचे तिखट असे पाच-सहा तऱ्हांचे पोहे, शेजारी काळ्या वाटाण्याची उसळ. हे प्रत्येक घरी होते आणि तरीही प्रत्येक जण दुसऱ्याच्या घरी जातो. मी शेजारच्या वृद्ध गृहस्थांना विचारले की सगळ्यांच्या घरी तेच असताना एकमेकांकडे खायला जाण्याचे कारण काय. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी घरात आरसा असताना बाहेर कशाला जाता असे विचारले होते, आणि पानावर आणखी एक पळी रस वाढला.

त्या दिवशी माझ्या लक्षात आले ते असे की त्या फोवांपैकी बहुतेकांना विस्तव लागतच नाही. दूध, ताक, रस, गूळ, सगळे आदल्या रात्री किंवा पहाटे सिद्ध असते आणि खायच्या वेळी फक्त कालवायचे उरते. म्हणून त्या घरांतल्या बायका दिवाळीच्या सकाळी दारात उभ्या राहून शेजाऱ्यांची वाट पाहू शकत होत्या. आमच्या आईची दिवाळीची सकाळ मला आठवते, ती तेलाच्या कढईपाशीच सरत असे.

आता आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सात-आठ मित्र सपत्नीक येतात आणि साठीच्या आसपासच्या माणसांनी एकत्र येऊन जे बोलायचे ते सगळे बोलतात, म्हणजे गुडघे, मुले आणि कोणाचे काय निदान झाले. पहिले काही महिने आम्ही बाहेरून मागवीत असू. ते बंद पडले याचे कारण तब्येत नव्हे. बाहेरून आलेले डबे उघडून दहा मिनिटांत संपतात आणि मग पुढे काय करायचे हा प्रश्न पडतो, हे होते. मग मी जेवणाच्या टेबलावर मधोमध विजेची शेगडी ठेवली, तवा ठेवला, मळलेल्या पिठाचे भांडे ठेवले, आणि ज्याला भूक असेल त्याने आपले थापावे असा नियम केला. पहिल्या दिवशी एका निवृत्त अभियंत्याने चौकोनी थालीपीठ थापले आणि ते कोपऱ्यांत कच्चे राहिले. त्याने भोकांची जागा बदलून पाहिली, मग झाकण बदलून पाहिले, आणि तिसऱ्या वेळी चूपचाप गोल थापले. आमच्या बैठकीत बायका बसलेल्या आणि पुरुष तव्यापाशी घुटमळणारे असे दृश्य दिसते. ते पाहून बरे वाटते, पण यात आम्ही काही मोठे केले असे नाही, कारण भाजणी अजूनही पत्नीच भाजते आणि ती भाजताना शेजारी कोणी बसत नाही. गेल्या पावसाळ्यात मी एकदा बसलो आणि तांदूळ भाजायला घेतले. ते तपकिरी झाले. त्या महिन्याची थालीपिठे जरा कडवट झाली होती, हे सगळ्यांनी ओळखले आणि कोणी बोलून दाखवले नाही.

गेल्या थंडीत आई महिनाभर आमच्याकडे राहायला आली होती. तिचे वय आता ब्याऐंशी आहे. ओट्यापाशी फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून ती टेबलाशी खुर्चीवर बसून पेपर वाचत होती, आणि घरात आम्ही तिघेच होतो. तिच्या हिशोबाने तव्यावरचे करायला हरकत नव्हती. मी पीठ मळले, तवा टेबलावरच्या शेगडीवर ठेवला, पाच भोके पाडली, तेल सोडले, झाकण ठेवले आणि आवाज मंदावण्याची वाट पाहिली. पहिले थालीपीठ उतरवून सवयीने मी ते बाजूला ठेवणार होतो, कारण तिला गार लागते. पण पत्नीने ते माझ्या हातून घेऊन तिच्या ताटलीत वाढले आणि त्यावर लोण्याचा गोळा ठेवला. लोणी भोकांतून खाली उतरू लागले.

आईने पेपराची घडी केली. कडेचा तुकडा मोडला, तो भाजत होता म्हणून दोन बोटांवर झेलत राहिली, फुंकर घातली आणि खाल्ला. मग दुसरा मोडला. मी दुसऱ्या गोळ्याला हात घातला होता. तिने ताटलीतून मान वर केली नाही, पण म्हणाली, "तीळ विसरलास." मी तीळ आणायला उठलो, तेव्हा तिने पाठीमागून हाक मारली.

"आणि माझं पुढचं जरा जास्त वेळ राहू दे तव्यावर. कड चांगली कुरकुरीत होऊ दे, आणि झालं की लगेच दे, थांबू नकोस."